अकराव्या रकान्यातले बिराप्पामामा

परदेशातून मेंढी आणायला माणसापेक्षा जास्त कागद लागतात, हे मला सरकारी नोकरीत आल्यावर कळलं. माणूस विमानातून उतरतो, शिक्का मारून घेतो आणि घरी जेवायला जातो. मेंढीचं तसं नाही. तिचं रक्त तिकडे तपासायचं, इकडे पुन्हा तपासायचं. परवान्यातला आकडा आणि कानातला बिल्ला जुळवायचा. आणि मग निदान तीस दिवस तिला कुंपणाआड, गावच्या जनावरांपासून लांब ठेवायचं. न जाणो, तिनं एखादा रोग बरोबर आणला असला तर? सरकारी मराठीत या ठेवण्याला संगरोध म्हणतात. आमच्या प्रक्षेत्रावर हा शब्द नीट उच्चारता येणारी मी एकटीच होते. पण त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला तो बिराप्पामामांना.

"संग रोखला म्हंजे संगरोध," ते म्हणाले होते. "सोपं हाय की बाई."

सोलापूरच्या बाहेर, कुंभारीच्या अंगाला असलेल्या त्या मेंढीपालन प्रक्षेत्रावर मी पशुवैद्य होते आणि मामा परिचर. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. उंच, काटक माणूस. बोलताना उजवा पाय डाव्या गुडघ्याला टेकवून, काठीवर भार देऊन उभा राहायचा. वरिष्ठ तपासणीला आले तरी तसाच. एकदा एका साहेबांनी "नीट उभे राहा" म्हटल्यावर त्यांनी पाय खाली घेतला, आणि पाचच मिनिटांत तो आपोआप वर गेला. चारा आला की आधी मूठभर उचलून हुंगायचे. कुबट वाटला तर पोतं बाजूला काढायचे आणि ठेकेदारानं कितीही कागद दाखवले तरी ते पोतं आत जायचं नाही. मेंढ्या मात्र ते कधीही मोजत नसत. संध्याकाळी मी हातात वही घेऊन एक-दोन-तीन करत असायची आणि ते नुसती एक नजर फिरवून म्हणायचे, "ती कान फाटकी मागं ऱ्हायली की." मी पुन्हा मोजायची. एक कमीच असायची.

"मोजायची कशाला?" ते म्हणायचे. "वळखायची. तुमच्या आईनं तुमास्नी मोजलं व्हतं काय कदी?"

आमच्याकडे परदेशी मेंढ्या यायच्या आदल्या दिवशी वरचे साहेब फॉर्मचा गठ्ठा घेऊन आले. आतल्या जनावरांची देखभाल करणाऱ्या तिघा परिचरांनी तो भरून द्यायचा होता. बाकी रकाने नाव, गाव, वय असे निरुपद्रवी. अकराव्यात विचारलं होतं: आपल्या अगर आपल्या कुटुंबाच्या मालकीच्या शेळ्या-मेंढ्या आहेत काय? होय किंवा नाही. नियम बरोबरच होता. आतला माणूस घरी जाऊन स्वतःच्या मेंढ्यांत मिसळला, तर कुंपण घालून उपयोग काय? पण आमच्याकडे परिचर म्हणजे धनगर, आणि धनगराच्या दारात मेंढरं नाहीत असं होत नाही. तिघांच्याही घरी कळप होते. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधीच सांगून टाकलं, "सगळ्यांनी नाही लिहा. विषय संपला."

सिदराम आणि तिसऱ्या परिचरानं पटकन 'नाही' लिहून सह्या ठोकल्या. मामा पेन धरून बसून राहिले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"माजी हायती की घरी."

"आहेत हे मला माहीत आहे हो. कागदावर नाहीत म्हणा."

"हायती त्यास्नी न्हाय कसं म्हणू सायेब? बिरोबा आयकतोय."

सिदराम हसला. साहेबही हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या आईच्या हातातली बांगडी फुटली की ती 'वाढली' म्हणायची, आणि नारळ फोडला असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. नको तो शब्द तोंडातून गेला की नको ते घडतं, ही भीती मला काही अनोळखी नव्हती. मामांच्या लेखी भरल्या कळपाला 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या मरणाची मागणी करणं. त्यांनी एकेक अक्षर कोरत 'होय' लिहिलं.

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला. घरी मेंढ्या असलेला परिचर ठेवता येत होता, मात्र त्यानं मुदत संपेपर्यंत आतच राहायचं. असा एक निवासी माणूस आम्हाला हवाच होता आणि कुणी तयार होत नव्हतं. "वा," साहेब म्हणाले, "हा प्रश्न तर आपोआप सुटला!" खोटं लिहिणारे दोघे रोज आंघोळ करून, कपडे बदलून संध्याकाळी घरी जाणार होते, आणि खरं लिहिणारा आत बसणार होता. हे मला त्या क्षणी दिसत होतं. मी नवीन होते. मी गप्प बसले.

मामांनीही हरकत घेतली नाही. एक महिन्याचा तर प्रश्न, आणि मुख्य म्हणजे त्यांना त्या परदेशी मेंढ्या बघायच्या होत्या.

बघून झाल्यावर मात्र त्यांची निराशा झाली. काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या अंगाच्या, पिंपासारख्या गोल. त्यांची लोकर आपली आपण गळून पडायची. मामा ते पुंजके उचलून बोटांत चोळायचे. "कातरायचं काम न्हाय, पिंजायचं न्हाय. मग धनगरानं करायचं काय, मटण खायचं नुसतं?" दुसरी तक्रार अशी की त्यांना मराठी येत नव्हतं. मामांनी तोंडानं 'हुर्र' केलं की आमच्या मेंढ्या वळायच्या. या आपल्या ढिम्म. पण दोन आठवड्यांत त्या वळायला लागल्या. तोवर मामांनी त्यांना नावंही देऊन टाकली होती. माझ्या वहीत बिल्ल्यांचे सहा-सहा आकडे होते आणि त्यांच्या तोंडी सायबीण, लंगडी, रुसकी. मी "शून्य चार आठ एकचं तापमान बघा" म्हणायची आणि ते विचारायचे, "म्हंजे रुसकीचं व्हय?"

दारात औषधी पाण्याचं एक उथळ टाकं होतं. आत जाताना बूट त्यात बुडवायचे. मामा देवळात शिरताना काढतात तशा वहाणा बाहेर काढून ठेवायचे आणि त्या पाण्यानं पाय स्वच्छ धुऊन अनवाणी आत जायचे. चार वेळा समजावलं. शेवटी मी त्यांना रबरी बूट दिले, तर ते बूट काढून ठेवायला लागले. त्यांचं घोंगडं मात्र मला फाटकावरच अडवावं लागलं. लोकर म्हणजे मेंढीचंच अंग; ते आत न्यायला मनाई होती. बदल्यात सरकारी खर्चानं सोलापुरी चादर दिली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, झोप लागली का? "चादर मऊ हाय," ते म्हणाले, "पण तिला कुनाचा वास न्हाय."

प्रक्षेत्राच्या समोरून एक रस्ता जातो. मामांची बायको लगमव्वा त्यांचा कळप त्याच रस्त्यानं चरायला न्यायची. कुंपणापासून शंभर मीटरांत गावची मेंढी येता कामा नये म्हणून आम्ही पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती. मेंढरं असलेल्या माणसालाही तोच नियम. लगमव्वा रेघेपलीकडे उभी राहायची, मामा कुंपणाशी, आणि दोघं संसाराच्या गोष्टी अख्ख्या माळाला ऐकू जातील अशा ओरडून बोलायचे. डाळ किती शिल्लक आहे, जावयाचा फोन आला का, सगळं. पहिले काही दिवस मला त्याची गंमत वाटली.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी कळप रस्त्यानं चालला होता. मामा कुंपणाशी नुसते उभे होते, तोंडातून शब्द काढला नव्हता. तरी कळपातली एक म्हातारी मेंढी थबकली आणि मान वर करून सरळ कुंपणाकडे निघाली. एक वळली की सगळ्या वळतात. बघता बघता पूर्ण कळप रेघेच्या दिशेनं यायला लागला. त्या कुंपणाला लागल्या असत्या तर आमची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून, आणि मामांच्या कळपालाही वेगळं डांबून रक्तं काढावी लागली असती. सिदराम ओरडत धावला, मी धावले. मामांनी काय केलं, तर पाठ फिरवली आणि पळत जाऊन शेडमध्ये कडब्याच्या मागे लपून बसले. लगमव्वानं दगड मारमारून कळप वळवला. म्हातारी रेघेशी उभी राहून कितीतरी वेळ ओरडत होती, आणि मामा कडब्यामागं तोंडावर हात दाबून बसले होते. मी त्यांना बाहेर या म्हणायला गेले आणि तशीच परत फिरले.

"मी दिसलो म्हनून आली ती," संध्याकाळी ते म्हणाले. "चूक माजी."

त्यानंतर कळप जायच्या वेळेला ते आतच थांबायचे आणि भिंतीला पाठ लावून ऐकायचे.

तिसावा दिवस आला. त्यांनी दाढी केली, पिशवी भरली. आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला: एका मेंढीचा नमुना शंकास्पद. रोग आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. पुन्हा रक्त घ्या, पुन्हा पाठवा, मुदत पुन्हा एकपासून. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "कोनची?" मी आकडा सांगितला. "रुसकी," ते म्हणाले, "तिला काय बी झालं न्हाय, बाई. ती खातीया, रवंथ करतीया. कागद चुकलाय." ते बरोबर असणार हे मला वाटत होतं, पण वाटण्यावर सही करता येत नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी उत्तर आलं की नमुना अपुरा आहे. मुदत तिसऱ्यांदा एकपासून सुरू झाली. मामांनी पिशवी परत रिकामी केली. आता ते कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारायचे, आणि फेरी कुंभारीच्या बाजूला आली की पावलं हळू व्हायची. घर जेमतेम तासाभराच्या चालीवर होतं.

त्या दिवसांत कुंभारीच्या पलीकडच्या वस्तीवर मेंढरांना देवी आल्याची बातमी आली. मामांजवळ बटणांचा मोबाईल होता. त्यावर ते बायकोला एकेक मेंढी तपासायला लावायचे. "शेपटीखाली हात लाव. गाठ लागतीया? न्हाय? आता म्हातारीच्या नाकाशी फोन धर." मग डोळे मिटून त्या मेंढीचा श्वास ऐकायचे. एकदा मी बाजूला उभी होते. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. "आयका बाई, छाती मोकळी हाय का?" मी शिकलेली पशुवैद्य, मला फक्त खरखर ऐकू आली. मी म्हटलं, मोकळी आहे. ते इतक्या समाधानानं हसले की मला लाज वाटली.

तिसरी मुदत संपली तरी प्रयोगशाळेचं उत्तर आलं नव्हतं. एक दिवस लगमव्वा रेघेपाशी येऊन ओरडली, "तुमी या! मला एकटीला जमंना! रान बदलाया पायजे, वस्तीवरनं रोग सरकायलाय!"

"आट दिस काढ!" मामा इकडून ओरडले.

"आट दिस म्हनून तीन म्हैनं झालं की!"



मी साहेबांना फोन केला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना कटकट नको असायची एवढंच. ते म्हणाले, "अहो, नवीन फॉर्म भरून घ्या. जुना फाडा. नाही लिहिलं की बिगरनिवासी होतील, रोज घरी जातील." मी फॉर्म घेऊन आत गेले. मला खरंच वाटलं की आता सुटले.

मामांनी कागद हातात घेतला, अकरावा रकाना शोधला आणि कागद मला परत दिला.

"मामा, एक शब्द आहे नुसता."

"सबुदच हाय म्हनून तर."

"सिदरामनं लिहिला, त्याच्या मेंढ्या मेल्या का?"

"त्येचं त्येला. माजी आजाराच्या दाराशी उभी हायती आन् मी आत्ता त्यास्नी न्हाय म्हनू? आत्ता?"

मला त्यांचा भयंकर राग आला. मी बोलले त्यांना. अडाणीपणा म्हणाले, हट्ट म्हणाले. लगमव्वा तिकडे एकटी मरतेय आणि तुम्ही इकडे शब्द सांभाळत बसलात, असंही म्हणाले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी कुलूप काडा. मी असाच जातो. काय लिवायचं ते तुमी लिवा." किल्ली माझ्या खिशात होती. खोटं लिहून सोडायची माझी तयारी होती, खरं लिहून सोडायची नव्हती. खरं लिहून सोडलं असतं तर नियम मोडला असता, सगळी आयात वाया गेली असती आणि माझी नोकरीही. मी कुलूप काढलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मला तसं करता येणारच नव्हतं, आणि अजून ते पुरतं पटलेलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, लगमव्वा रस्त्यावरून एकटीच येताना दिसली. कळप नव्हता, काठी नव्हती. ती रेघेपाशी आली आणि थांबली नाही. सिदराम फाटकावरून ओरडला, "अव्वा, रेग! रेग बगा!" ती चालत राहिली. थेट कुंपणापाशी येऊन तिनं दोन्ही हातांनी तार धरली.

"आता कसली रेग," ती म्हणाली.

मामा बादलीनं पाणी भरत होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि तारेपाशी आले. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा दोघांना ओरडावं लागलं नाही.

"कवा?" मामांनी विचारलं.

"काल. अकलूजच्या यापाऱ्यानं गाडी आनली व्हती."

"समदी?"

"समदी."

"म्हातारी?"

"ती बी. ती चडंना गाडीत." लगमव्वानं तार आणखी घट्ट धरली. "मी काय करू? येक येक मरताना बगत बसू? चांगली हायती तवर दिली."

मामा तारेला धरलेल्या तिच्या बोटांकडे बघत राहिले. "बरं केलंस," ते म्हणाले. मग विचारलं, "जेवलीस का?"

ती नाही म्हणाली. मी सिदरामच्या हातून तिला चहा पाठवला. 

साहेबांना कळवणं भाग होतं. ते फोनवर म्हणाले, "अरेरे." आणि लगेच म्हणाले, "पण मग आता अडचणच राहिली नाही." ते खरंच होतं. मी तोच फॉर्म पुन्हा आत नेला. या वेळी मामांनी कागद हातातही घेतला नाही.

"तुमीच लिवा, बाई. माज्या हातानं नगं."

मी अकराव्या रकान्यात 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. मामांनी खाली अंगठा लावला; त्यांना सही येत होती, तरी अंगठाच लावला. मग नियमाप्रमाणे आंघोळ केली, आतले कपडे आतच ठेवले आणि सिदरामनं आणलेला सदरा घालून ते फाटकातून बाहेर आले. जाताना मला एवढंच म्हणाले, "सायबिनीला पान्यात मीठ टाका चिमटीभर. उन्हाचं पीत न्हाय ती." मी हो म्हटलं. माफी मागायची होती, ती राहिली.

आठवड्याभरानं अंतिम अहवाल आला. रुसकीला कसलाही रोग नव्हता, कधीच नव्हता.

पण तो अहवाल यायच्या आधीचीच ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी फाटकाशी उभी राहून दोघांना जाताना बघत होते. साडेतीन महिन्यांनी भेटलेली नवरा-बायको. मला वाटलं, शेजारी शेजारी चालतील, काही बोलतील. लगमव्वा पुढे गेली. मामा थांबले, तिला वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊ दिलं, आणि मग रस्त्याच्या कडेनं निघाले. कळप घेऊन जाताना असंच चालतात: एक पुढे, एक मागे, आणि मधला रस्ता मेंढरांना. समोरून एक टेम्पो आला तेव्हा मामांनी दोन्ही हात पसरून त्याला थांबवलं. टेम्पोवाला थांबला, त्यानं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि मामांकडे बघितलं. मामांनी हळूहळू हात खाली घेतले.